खांब ओळंब्यात आहे

ज्या सकाळी काटकोनसाहेबांना आपली राहती इमारत कलली असल्याचा साक्षात्कार झाला, त्या सकाळी त्यांच्या उजव्या डोळ्यावर एका सर्वस्वी अनोळखी माणसाचे पारपटल नांदत होते. पारपटल म्हणजे बुबुळावरचा काचेसारखा पारदर्शक पडदा. साहेबांचा मूळचा पडदा गढूळ झाला होता. डावा डोळा तर बालपणीच्या एका व्रणामुळे केवळ उजेड आणि अंधार ओळखण्यापुरता उरला होता. अशा वेळी कोणा एका दिवंगताच्या घरच्यांनी, दुःखाच्या ऐन घटकेला, 'न्या' असे म्हटले, आणि साहेबांना पुन्हा जग दिसू लागले. देणाऱ्याचे नाव सांगण्याची रीत नव्हती. साहेबांनी ते विचारून पाहिले होते, कारण आभाराचे एक पत्र निर्दोष भाषेत लिहावे अशी त्यांची इच्छा होती. डॉक्टरीणबाई एवढेच म्हणाल्या, "पत्र नको, काका. पडदा जपा. तेच पत्र."

काटकोन हे अर्थातच त्यांचे नाव नव्हे. सरकारी बांधकाम खात्याच्या आरेखन शाखेत मुख्य आरेखक म्हणून त्यांनी उभी हयात काढली. तिथे त्यांच्या नजरेसमोर आलेली रेघ केसभर जरी ढळली, तरी ते मोजपट्टीला हात न लावता कागद परत करीत. त्यावरून हे नाव पडले. ते त्यांच्या माघारी घेतले जाई. त्यांना ते ठाऊक होते, आणि आपल्याला ते ठाऊक नाही असे दाखवण्यात त्यांना एक प्रकारचे सात्त्विक समाधान लाभे.

शस्त्रक्रियेनंतरचा काळ हा सर्वांगाने नम्र होण्याचा काळ असतो. खाली वाकायचे नाही, जड उचलायचे नाही, डोळा चोळायचा नाही, डोळ्यात पाणी जाऊ द्यायचे नाही. पापणीखाली वाळूचा कण अडकल्यासारखे सतत वाटत राहते, आणि तो कण म्हणजे कण नसून टाका आहे, हे ज्ञान खुपण्यावर काडीचाही उतारा ठरत नाही. झोपताना डोळ्यावर छिद्रांची प्लास्टिकची वाटी बांधायची. थेंब घालायचे ते वेळच्या वेळी. आणि या बाबतीत साहेबांच्या पत्नीने घरात जे शासन स्थापन केले, त्यापुढे साहेबांची आरेखन शाखा म्हणजे निव्वळ गोंधळ होता.

"मान मागे. वर बघा. वर म्हणजे छताकडे, माझ्याकडे नाही."

"अगं, पण मी तयार आहे हे तरी विचार."

"तुम्ही कधीच तयार नसता. पडला थेंब. मिटा."

डॉक्टरीणबाईंनी निघताना चार गोष्टी बजावल्या होत्या. डोळा लाल झाला, दुखू लागला, उजेड सहन होईनासा झाला किंवा नजर बदलली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता तडक यायचे. "नव्या पडद्याला कधीकधी शरीर परकं समजतं," त्या म्हणाल्या, "आणि हुसकून लावायला निघतं. वेळेत आलात तर आवरता येतं. उशीर झाला तर पडदा जातो." हे ऐकून साहेबांनी मान डोलावली. पत्नीने मात्र त्या चार गोष्टी परवचा म्हणावा तशा मनात पक्क्या केल्या.

शेजाऱ्यांनी आपले कर्तव्य बजावण्यात हयगय केली नाही. समोरच्या वहिनींनी हिरव्या वस्तूंकडे बघत जा असे सांगितले आणि बघण्यासाठी एक हिरवी बादली आणून दिली. खालच्या मजल्यावर राहणारे सोसायटीचे खजिनदार, ज्यांचा आणि साहेबांचा जिन्यातल्या दिव्यावरून जुना वाद होता, तेही भेटीला आले आणि खुर्चीच्या कडेवर बसून म्हणाले, "माझ्या मेहुण्याचंही अगदी असंच झालं होतं."

"पडदा बदलला?"

"नाही, गुडघा. पण विश्रांती सेम."

पहिले काही आठवडे जग दुधात बुडवून काढल्यासारखे दिसले. मग हळूहळू दूध ओसरले. खिडकीचे गज सुटे झाले, समोरच्या गच्चीवरच्या दोरीला दोरीपण आले. एके दिवशी साहेबांना भिंतीवरच्या घड्याळातले काटे दिसले. घड्याळ मागे पडले आहे, असे त्यांनी लगेच पत्नीच्या निदर्शनास आणले. मनातल्या उमाळ्याला त्यांच्या स्वभावात तेवढीच वाट होती.

आणि मग दिसली ती तसबीर.

दिवाणखान्यात त्यांच्या सेवानिवृत्तीच्या समारंभाचे छायाचित्र होते. ते डावीकडे झुकले होते. साहेबांनी ते सरळ केले. दुसऱ्या दिवशी शेजारची, लग्नातली तसबीर झुकलेली आढळली. तीही सरळ केली. त्यानंतर आरसा, दिनदर्शिका, कपाटावरचा मुलीचा फोटो. मुलगी परगावी राहत असल्यामुळे तिच्यावर आळ घेता येत नव्हता, तेव्हा साहेब पत्नीला म्हणाले, "झाडताना जरा बेताने झाडत जा. सगळी चित्रं हलवून ठेवतेस."

पत्नीने भिंतीकडे पाहिले, पतीकडे पाहिले, काहीतरी बोलण्यासाठी ओठ उघडले आणि मिटले. नव्या डोळ्याच्या माणसाला त्रास नको, असा त्यामागचा विचार होता. कधीकधी संसारातला गुंता अशा विचारातूनच वाढतो.

पण तसबिरी हलवता येतात, दाराची चौकट हलवता येत नाही. चौकट झुकलेली दिसली तेव्हा साहेब दचकले. गॅलरीत आले. गॅलरीचा कठडा उतरत गेलेला. खाली उतरून त्यांनी प्रवेशद्वाराजवळच्या मोठ्या खांबाकडे पाहिले, आणि एखाद्या वैद्याने नाडी सोडावी तसा त्यांनी सुस्कारा सोडला. खांब कलला होता. खांब कलला म्हणजे इमारत कलली. इमारतीत पत्नी होती, हिरव्या बादलीच्या वहिनी होत्या, आणि तत्त्वाचा प्रश्न बाजूला ठेवला तर खजिनदारही होते.

येथे वाचकाच्या मनात एक साधा प्रश्न येईल, आणि तो साहेबांच्या मनात का टिकला नाही हेच या कथेचे मर्म आहे. तो आला होता. त्याच आठवड्यात तपासणी होती. डॉक्टरीणबाईंनी यंत्राच्या पलीकडून विचारले, "काही वेगळं वाटतंय का, काका? काही त्रास?"

साहेबांनी क्षणभर विचार केला. परंतु एका खात्याचा विषय दुसऱ्या खात्यापुढे मांडायचा नाही, हा धडा त्यांनी सरकारी नोकरीत रक्तात भिनवून घेतला होता. पाण्याच्या टाकीची तक्रार रस्ते शाखेकडे घेऊन येणाऱ्या माणसाला त्यांनी स्वतः कितीदा योग्य खिडकी दाखवली होती. डोळा हा इस्पितळाचा विषय; खांब हा नगरपालिकेचा.

"डोळ्याविषयी माझी कसलीही तक्रार नाही," ते गांभीर्याने म्हणाले. आणि तिथून थेट नगरपालिकेत गेले.

तक्रार दाखल झाल्याचे कळताच सोसायटीची तातडीची सभा भरली. खजिनदार उभे राहिले. "इमारत कुठे कललीय? मी रोज खाली उभा असतो. मला तर सरळ दिसते."

"तुम्हाला दिसत नसेल," साहेब शांतपणे म्हणाले. "नजर लागते."

"नजर? अहो, काही महिन्यांपूर्वी तुम्ही मला वॉचमन समजून हाक मारलीत!"

"तेव्हा जुना पडदा होता."

तेवढ्यावर सभा उठली. समोरच्या वहिनींनी मात्र त्या दिवसापासून कपाट कलत्या बाजूच्या भिंतीपासून दूर ओढून घेतले. आपला भार तरी इमारतीवर नको, असे त्यांनी सगळ्यांना सांगितले.

पाहणीसाठी नगरपालिकेने जो अभियंता पाठवला, तो दुर्दैवाने साहेबांच्या हाताखाली शिकलेला होता. साहेबांनी परत केलेल्या कागदांच्या भीतीने त्याची पहिली काही वर्षे गेली होती. त्याने खांबाला उपकरण लावले. उपकरणाने खांब सरळ असल्याचे सांगितले. अभियंत्याने उपकरणाकडे पाहिले, मग साहेबांकडे पाहिले.

"काय म्हणतं यंत्र?" साहेबांनी विचारले.

"सरळ म्हणतं, साहेब. पण..."

"पण काय?"

"पण तुम्ही वाकडा म्हणताय."

"मी म्हणतोय."

"मग यंत्राचंच काहीतरी असणार," अभियंता म्हणाला. त्याच्या आवाजातला आदर इतका निर्मळ होता की त्यावर रागावणे कोणालाही शक्य नव्हते. अधिक चौकशी होईपर्यंत सावधगिरी म्हणून त्याने खांबाभोवती लाल-पांढरी फीत बांधली, प्रवेशद्वाराखाली कोणी थांबू नये असा फलक लावला आणि रहिवाशांना मागच्या अरुंद दाराने ये-जा करायला सांगितले.

त्यानंतरचे दिवस काटकोनसाहेबांच्या घरावर फार जड गेले. मागच्या दारातून आडवे होऊन शिरताना प्रत्येक रहिवासी त्यांचे स्मरण करी. खजिनदारांच्या पुतण्याचे तिसऱ्या मजल्यावरचे घर पाहायला आलेले गिऱ्हाईक फीत पाहूनच परत गेले. वाण्याच्या दुकानात समोरच्या वहिनींनी साहेबांच्या पत्नीला पाहून तोंड फिरवले. घरी येऊन ती पिशवी ओट्यावर ठेवून बराच वेळ नळाखाली हात धरून उभी राहिली. साहेबांनी ते पाहिले. सत्य सांगणाऱ्याच्या घरच्यांना सोसावे लागते, असे काहीसे ते बोलणार होते, परंतु तिची पाठ पाहून बोलले नाहीत.

आणखीही एक गोष्ट ते बोलले नव्हते. डोळा लाल होऊ लागला होता.

प्रथम त्यांनी ती लाली मानसिक क्लेशाच्या खात्यावर टाकली. मग धुळीच्या. मग खिडकीतला उजेड सुईसारखा टोचू लागला, तेव्हा त्यांनी घरातही काळा चष्मा घालायला प्रारंभ केला. मान आपोआप एका बाजूला झुकू लागली. दुरून पाहणाऱ्या काही भोळ्या रहिवाशांना वाटले, झाल्या प्रकाराचा पश्चात्ताप होऊन साहेब आता नम्र झाले आहेत.

"चष्मा काढा बघू," पत्नी म्हणाली.

"उजेड आहे."

"उजेड आहे म्हणजे? टोचतो का?"

"अगं, वरिष्ठ अभियंत्यांची पाहणी आहे. तेवढी होऊ दे. मग जाऊ."

"चारातली एक तरी गोष्ट झालीय का, एवढंच सांगा."

साहेबांनी चष्मा नाकावर नीट बसवला. आत्ता इस्पितळात गेलो तर लोक म्हणणार, बघा, डोळाच बिघडलेला होता, हे भय त्यांच्या मनात स्पष्ट शब्दांत उभे राहिले होते, आणि त्या भयाची त्यांना लाजही वाटत होती. थेंब मात्र ते मुकाट्याने घालून घेत; फक्त खोलीत अंधार करायला लावत, म्हणजे लाली तिला दिसू नये.

वरिष्ठ अभियंत्यांच्या पाहणीच्या दिवशी अख्खी इमारत खाली जमली. साहेबांनी कपाटातून आपला जुना ओळंबा काढला होता. दोऱ्याच्या टोकाला टांगलेला तो पितळी भोवरा नोकरीत त्यांच्यासोबत शेकडो भिंतींवर गेला होता. दोरा सोडायचा, भोवरा स्थिर होऊ द्यायचा. मग ती जी उभी रेघ दिसते, ती पृथ्वीने स्वतः ओढलेली असते. यंत्राला चूक होऊ शकते, माणसाला होते. ओळंब्याला होत नाही. हे वाक्य ते हाताखालच्यांना ऐकवीत, आणि धाकटा अभियंता ते आत्ताही मनातल्या मनात ओठ हलवून म्हणत होता.

पहिल्या मजल्याच्या कठड्यावरून धाकट्याने दोरा सोडला. ओळंबा खांबाशेजारी डोलत राहिला, मग संथ झाला, मग थांबला. खजिनदारांनी हाताची घडी घातली. वरिष्ठ अभियंते बाजूला सरून म्हणाले, "या साहेब. तुम्हीच बघा."

काटकोनसाहेबांनी काळा चष्मा काढला. उजेड डोळ्यात घुसला. त्यांनी तो सोसला. त्यांनी पाहिले.

खांब कलला होता. आणि त्याच्या शेजारी, खांबापासून वरही तितक्याच आणि खालीही तितक्याच अंतरावर, ओळंब्याचा दोराही कलला होता.

कोणालाच काही कळले नाही. लोकांना एवढेच दिसले, की एक वृद्ध गृहस्थ एका दोऱ्याकडे बघत उभे आहेत, आणि त्यांचा चेहरा हळूहळू उतरत चालला आहे. साहेबांनी हात पुढे करून दोऱ्याला बोट लावले. भोवरा हलला, पुन्हा थांबला, पुन्हा कललेला. ज्या एका गोष्टीवर त्यांनी आयुष्यात कधी शंका घेतली नव्हती, ती त्यांच्यासमोर वाकडी उभी होती. आणि तिला वाकडे म्हणण्याचे धाडस त्यांच्यात नव्हते. म्हणजे उरले कोण?

ते वळले. त्यांचा आवाज अगदी खाली गेला होता.

"अगं, इस्पितळात जायचंय. आत्ता."

पत्नीने त्यांच्या उघड्या डोळ्याकडे पाहिले. "देवा," ती म्हणाली. रिक्षा आणायला कोणीतरी धावणार, तेवढ्यात खजिनदार किल्ल्या वाजवत पुढे झाले. "रिक्षा कसली शोधता? गाडी आहे माझी. बसा. साहेब पुढे, वहिनी तुम्ही मागे." गाडीत त्यांनी खांबाचा उल्लेख केला नाही. वाटेत उन्हाचा झोत आला तेव्हा चालवता चालवता एका हाताने काचेवरची ऊन अडवणारी पट्टी साहेबांच्या बाजूला खाली ओढली, एवढेच.

डॉक्टरीणबाईंनी यंत्रातून डोळा बारकाईने तपासला. एक टाका सैल पडला होता, त्याच्या समोरचा ताणून ओढत होता. त्या ओढाताणीत पडद्याचा आकार बदलला होता, आणि सैल टाक्याभोवती शरीराने परक्याला हुसकण्याचे काम सुरूही केले होते.

"रेषा वाकड्या दिसत होत्या?"

"हो."

"केव्हापासून?"

"मागच्या तपासणीच्या आधीपासून."

"मग सांगितलं का नाही, काका? मी विचारलं होतं तुम्हाला."

साहेब खुर्चीत ताठ बसले होते. "मला वाटलं," ते म्हणाले, "की तो खांबाचा विषय आहे."

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी टाके काढले, नवे थेंब लिहून दिले आणि म्हणाल्या, "दर तासाला घालायचे. राहील असं वाटतं. वचन देत नाही."

त्या दिवसांत काटकोनसाहेब पडदे ओढलेल्या खोलीत बसून राहत. तास भरला की पावले येत. मान मागे, छताकडे, मिटा. मिटलेल्या डोळ्याआड ते त्या अनोळखी माणसाचा विचार करीत. तो कोण होता, त्याचे काय पाहायचे राहून गेले होते. त्याने आयुष्यभर निर्मळ राखलेली वस्तू त्याच्या माणसांनी रडता रडता उचलून दिली, कसलीही चौकशी न करता. आणि आपण ती एका खांबाच्या हट्टापायी, चार माणसांत मान राहावा म्हणून, घालवायला निघालो होतो. पडदा जपा, तेच पत्र. ते पत्र त्यांनी जवळजवळ फाडून टाकले होते.

"जाईल का गं?" एकदा त्यांनी विचारले.

"नाही जाणार."

"तुला काय माहीत?"

"मला काही माहीत नाही. हलू नका."

लाली ओसरू लागल्यावर साहेबांनी पहिले काम हाती घेतले ते तक्रार मागे घेण्याचे. परंतु नगरपालिकेत दाखल झालेली तक्रार ही अशी सहजासहजी मागे येत नाही. धाकटा अभियंता घरी येऊन, चपला दाराबाहेर काढून, संकोचाने म्हणाला, "कारण द्यावं लागतं, साहेब. दुरुस्ती झाली, असं लिहू का? म्हणजे फीत निघेल."

"कशाची दुरुस्ती?"

"खांबाची."

"खांबाची दुरुस्ती झालेली नाही," साहेब म्हणाले. "खोटं लिहायचं नाही. कागद दे."

आणि आयुष्यभर इतरांच्या रेघा परत करणाऱ्या त्या गृहस्थांनी, मोठ्या अक्षरांत, अंदाजानेच ओळ धरून लिहिले: 'खांब ओळंब्यात आहे. तक्रारदार नव्हता.' ओळ किंचित वर चढली. त्यांनी ती तशीच राहू दिली. शिवाय एक प्रत सोसायटीच्या फलकावर लावण्यासाठी खजिनदारांकडे पाठवली.

खजिनदार प्रत घेऊन वर आले. "हे लावायलाच पाहिजे का?"

"लावा."

"लोक हसतील हो."

"हसू द्या. मागच्या दारातून गेलेत ते."

खजिनदारांनी थोडा वेळ कागद न्याहाळला. "बरं, लावतो. जिन्यातल्या दिव्याखाली लावतो. नीट वाचता येईल," ते म्हणाले, आणि दिव्याचा उल्लेख झाल्यावर दोघेही जरा थांबले, पण वाद निघाला नाही.

फीत निघाली त्या दिवशी साहेब पत्नीचा हात धरून खाली गेले आणि पुढच्या दाराने परत आले. खांब सरळ होता. चौकट सरळ होती. जिना चढून ते दिवाणखान्यात आले, दिवा लावला, आणि उभे राहिले ते राहिलेच.

भिंतीवरची एकूण एक चौकट उजवीकडे कललेली होती. निवृत्तीचा समारंभ, लग्नातली तसबीर, आरसा, दिनदर्शिका. कपाटावर मुलगी तर घसरून खाली येईल अशा बेताने हसत होती. वादळ येऊन गेलेल्या जहाजासारखी ती खोली दिसत होती.

"हे कोणी केलं?" साहेबांनी विचारले, आणि विचारता विचारताच त्यांना उत्तर कळले.

पत्नी थेंबांची बाटली शोधू लागली.

"इतके दिवस हे असंच होतं?"

"असंच."

"तू सरळ का नाही केलंस?"

"केलं होतं. एकदा," ती म्हणाली. "तुम्ही इतके कासावीस झालात, की पुन्हा हात लावला नाही. म्हटलं, एवढ्या घरात यांना एक तरी भिंत सरळ दिसू दे. सवय झाली मग. आरशात बघताना मीच मान तिरकी करायची."

काटकोनसाहेब पुढे झाले, लग्नाच्या तसबिरीकडे हात नेला, पण तो तिथपर्यंत पोहोचला नाही.

"राहू द्या ते," पाठीमागून आवाज आला. "आधी थेंब. तास झाला."

ते मुकाट्याने खुर्चीत बसले आणि मान मागे टाकली.

"छताकडे. माझ्याकडे नाही."

पण त्यांनी छताकडे पाहिले नाही. त्यांच्यावर वाकलेला तो चेहरा कित्येक वर्षांत प्रथमच त्यांना रेषान्‌रेष दिसत होता; आणि त्या चेहऱ्याच्या मागची मान, बाटली हातात धरून, सवयीने अजून एका बाजूला झुकलेली होती.